कोल्हापूरचा फुटबॉल : तालीम आणि दरबार

आपल्याकडील इतिहासकारांनीं तहनामे, वतनपत्रें आणि वंशावळी यांचा जितका कसून शोध घेतला, तितका लोक संध्याकाळीं काय करीत होते याचा घेतला नाहीं. कोल्हापूरच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. ताराबाईसाहेबांनीं स्थापिलेली गादी, इंग्रजांशीं झालेले करार, वेदोक्ताचा वाद, शाहू छत्रपतींचा १९०२ चा राखीव जागांचा हुकूम, या सर्वांवर ग्रंथ आहेत. कुस्तीसही कोठें एखादें प्रकरण, कोठें परिशिष्ट लाभतें. परंतु ज्या खेळापायीं या शहराच्या पेठा हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तट पाडून बसतात, ज्याचा मोठा सामना असला म्हणजे दुकानांतील नोकरास दुपारीं नेमकें बरें वाटेनासें होतें, त्या फुटबॉलास आमच्या इतिहासांत परिशिष्टाचाही मान मिळालेला नाहीं. खेळ ही पोरांची गोष्ट, असा जो आपल्या सुशिक्षित घरांतून समज आहे, त्याचेंच हें फळ असावें. माझ्या मतें, एखादें शहर स्वतःचा कारभार कसा करतें, अधिकार कोणाचा मानतें, आणि भांडण झालें असतां तें कोठवर ताणतें, हें पाहावयाचें असेल तर त्या शहराच्या नगरपालिकेपेक्षां त्याच्या खेळाच्या मैदानावर अधिक पाहावयास मिळतें.

'फुटबॉल' हा शब्द मी तसाच ठेवीत आहें. शुद्धिवादी मित्रांस 'पादकंदुक' अधिक रुचेल. पण त्यांनीं तो शब्द शिवाजी पेठेंतील एखाद्या दहा वर्षांच्या पोरास सांगून पाहावा, आणि मग काय तो आग्रह धरावा.

प्रश्न असा आहे. महाराष्ट्राचा खेळ म्हणजे क्रिकेट, हें सर्वमान्य आहे. मुंबईंत फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. गोव्यांत तो रुजला तो पोर्तुगीज अमलाखालीं, चर्चच्या आवारांत आणि भातशेतें कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या जमिनींवर. कोल्हापूर यांपैकीं कोणत्याच वाटेवर नाहीं. ऊंस, गूळ, चामड्याचें काम आणि कुस्ती ही ज्या गांवाची ओळख, तेथें हा परदेशी खेळ घरोघर कसा पोंचला? याचें ठरीव उत्तर 'राजाश्रय' हें आहे. तें खोटें नाहीं, परंतु अर्धेंच खरें आहे. आणि राहिलेलें अर्धें सांगितल्याशिवाय या खेळाच्या आजच्या कारभारांतील गुण आणि दोष दोन्ही उलगडत नाहींत.

या खेळाचा पूर्वेतिहास वाचकांस ठाऊक असेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. १८६३ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न नांवाच्या खाणावळींत कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं खेळाचे समान नियम करण्यासाठीं 'फुटबॉल असोसिएशन' स्थापन केली. पंचवीस वर्षांच्या आंत तो खेळ हिंदुस्थानांत स्थिरावला. सिमल्यास ड्युरंड चषकाचे सामने १८८८ त सुरू झाले, मुंबईस रोव्हर्स चषकाचे १८९१ त, आणि कलकत्त्यास 'इंडियन फुटबॉल असोसिएशन' १८९३ त निघाली. हे सर्व कारभार आरंभीं गोऱ्यांच्या हातीं होते. २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. ची ढाल जिंकली, तेव्हां बहुतेक खेळाडू अनवाणी होते. हा खेळ आपलाही होऊं शकतो, ही जाणीव देशभर पसरण्यास तो एक सामना पुरेसा झाला. त्याच वर्षीं मुंबईस 'वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन' अस्तित्वांत आली, जिचा कोल्हापूरशीं पुढें निकट संबंध यावयाचा होता.

आतां त्या सुमाराच्या कोल्हापुराकडे पाहूं. १९११ सालीं शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीस सतरा वर्षें झालीं होतीं. राजाराम कॉलेज १८८० पासून चाललें होतें. १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघत होतीं. महाराजांची स्वतःची आवड मात्र कुस्तीची. विलायतेच्या प्रवासांत रोमचें जुनें रंगमंडल पाहून ज्याची कल्पना सुचली असें सांगतात, तें खासबागेचें कुस्तीमैदान १९१२ त उभें राहिलें. पंजाबापासून मल्ल येथें येत, राहत, दरबारचा खुराक खात. अशा गांवीं फुटबॉल हा इंग्रजी शिक्षणाचा पाहुणा होता, आणि पाहुण्यासारखाच ओसरीवर बसून होता. शाहू महाराज १९२२ त वारले आणि राजाराम महाराज गादीवर आले. त्यांचें कांहीं शिक्षण इंग्लंडांत झालेलें. विलायती खेळांविषयीं त्यांस सहज आपुलकी होती. येथून राजाश्रयाचें प्रकरण सुरू होतें, आणि बहुतेक लेखक तें येथेंच संपवितात.

परंतु राजाश्रयानें खेळ उभा राहतो, पसरत नाहीं. हिंदुस्थानांतील कित्येक संस्थानिकांनीं क्रिकेटवर आणि पोलोवर अमाप पैसा ओतला. त्या संस्थानांच्या गल्लीबोळांतून आज पोलो कोण खेळतो? कोल्हापुरीं फुटबॉल पसरला, याचें कारण तो राजवाड्यांतून निघून तालमींत शिरला हें आहे.

बाहेरच्या वाचकास 'तालीम' म्हणजे लाल मातीचा हौदा, मुद्गल आणि मारुतीची तसबीर एवढेंच दिसतें. कोल्हापुरांत तालीम म्हणजे पेठेचें घर. तेथें व्यायाम होतो. पण तेथेंच गणपति बसतो, तेथेंच मोहरमचा पंजा बसतो. बाबूजमाल तालमींत तर गणपति आणि पंजा हीं दोन्ही एकाच छताखालीं मांडण्याची परंपरा आहे, आणि दोन्ही सण एकाच वेळीं आले म्हणजे ती पाहावयास लोक दुरून येतात. पेठेंत कोणाच्या घरीं मयत झालें तर सामान कोणी आणावयाचें, लग्नांत पंगत कोणी वाढावयाची, दोन भावांचा तंटा कोणापुढें न्यावयाचा, हें सर्व तालमींत ठरे. वस्तादाचा शब्द कायद्याहून वजनदार. जातपात तालमींत अगदीं नव्हती, असें म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाहीं. परंतु पेठ हीच तेथें पहिली ओळख होती आणि जात दुसरी, हें मान्य करावें लागतें. आपल्या समाजांत ही गोष्ट लहान नव्हे.

फुटबॉल संघांचीं नांवें वाचलीं तरी हा इतिहास उमगतो. पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे पाण्याच्या पाटाशेजारची तालीम. आज पाट शोधून सांपडणार नाहीं, पण संघाच्या नांवांत तो वाहतो आहे. खंडोबा तालीम मंडळ कुलदैवताच्या नांवाचें, बालगोपाल कृष्णाच्या, दिलबहार सरळ फारशी वळणाचें. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम या नांवांत तर महादेव, भजनी मंडळ आणि वाघ एकत्र नांदतात. संध्यामठ हें नांव रंकाळ्यांतील जुन्या मठाचें. शिवाजी तरुण मंडळ निराळ्या काळाचें. तेथें देवाच्या जागीं राष्ट्रपुरुष आला. आणि प्रॅक्टिस क्लब हें निव्वळ इंग्रजी नांव, ज्यावरून खेळ कोणत्या वाटेनें आला त्याची खूण राहिली. लंडनच्या किंवा कलकत्त्याच्या संघांच्या याद्या पाहाव्या. एवढ्या थोड्या नांवांत एवढ्या शतकांची माती क्वचितच मिळेल.

कुस्तीच्या घरांत फुटबॉल का शिरला, याचेंही थोडें स्पष्टीकरण केलें पाहिजे, कारण दोन्ही खेळांची प्रकृति परस्परविरुद्ध आहे. कुस्ती एकट्याची. मल्ल जिंकला तर पेठेस अभिमान वाटतो खरा, परंतु आखाड्यांत उतरतो तो एकटा, आणि त्यास उभा करण्यास दूध, तूप, बदाम यांचा वर्षानुवर्षें खर्च लागतो. दरबारचा आधार होता तोंवर हा खर्च निभावला. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि मल्ल पोसणारा हात आखडला. फुटबॉलास काय लागतें? एक चेंडू, बावीस पोरें आणि एक मोकळी जागा. ज्या तालमीस दोन मल्ल पोसणें जड, तिला अकरा जणांचा संघ वर्गणीवर सहज उभा करतां येई. शिवाय कुस्तींत पेठेचा एक मुलगा लढे, येथें पेठेचे अकरा लढत. म्हणजे अकरा घरांतील आया, चुलते आणि शेजारी मैदानाशीं बांधले जात. ज्या पेठांना पूर्वीपासून एकमेकींशीं स्पर्धा करण्याची खोड होती, त्यांना ती खोड भागविण्यास कुस्तीपेक्षां हा खेळ अधिक सोयीचा वाटला असल्यास नवल नाहीं. दंड-बैठका काढून कमावलेली पोटरी आणि खांदा फुटबॉलांतही उपयोगीं पडतो. कोल्हापुरी खेळांत कौशल्यापेक्षां अंगाची रग अधिक, अशी जी तक्रार जाणते लोक करतात, तिचें मूळही येथेंच असावें.

आतां कारभाराकडे वळूं. १९४० सालीं 'कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन' स्थापन झाली. गांवांत तिला कोणी पूर्ण नांवानें ओळखत नाहीं, 'के. एस. ए.' म्हटलें कीं पुरे. सालाकडे लक्ष द्यावें. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशन सिमल्यास १९३७ त निघालें होतें. प्रांताप्रांतांतील संतोष चषकाचे सामने १९४१ त सुरू व्हावयाचे होते. म्हणजे ज्या पांच वर्षांत देशाच्या फुटबॉलाची घटना बनत होती, त्याच पांच वर्षांत एका दक्षिणी संस्थानाच्या राजधानीनें आपली असोसिएशन बनविली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत राजाराम महाराज वारले. पुढच्या नऊ वर्षांत दोन दत्तकविधान झाले, महायुद्ध संपलें, देश स्वतंत्र झाला आणि संस्थान लयास गेलें. असोसिएशन मात्र राहिली.

हें राहणें मला या कथेंतील सर्वांत विचार करण्याजोगें वाटतें. विलीनीकरणानंतर छत्रपति घराण्याकडे ना न्यायदान उरलें, ना महसूल, ना पोलिस. परंतु फुटबॉलाचा कारभार त्या घराण्याच्या छत्राखालींच चालू राहिला. शहराच्या मैदानास शाहू छत्रपतींचें नांव, वरिष्ठ गटाच्या लीगला शाहू छत्रपतींचें नांव, असोसिएशनच्या सूत्रस्थानीं घराण्यांतील पुरुष. कोल्हापूर संस्थानचें शेवटचें खातें कोणतें, असें कोणी विचारल्यास, फुटबॉल खातें, असें उत्तर विनोदानें देतां येईल. आणि तो विनोद फारसा खोटा नाहीं.

यांत केवळ राजनिष्ठा आहे, असें समजणें चुकीचें होईल. पेठांचे स्वभाव ज्यांस ठाऊक आहेत त्यांस हें लगेच कळेल कीं, मंगळवार पेठेचा मनुष्य अध्यक्ष झाला तर शिवाजी पेठ त्याचा निर्णय मानणार नाहीं, आणि शिवाजी पेठेचा झाला तर मंगळवार पेठ त्यास पंचांसकट पक्षपाती ठरवील. सर्व तालमींच्या बाहेरचा, आणि तरीही सर्वांना वडील वाटेल, असा मध्यस्थ हवा होता. तो निवडणुकींतून मिळणें कठीण. परंपरेनें तो तयारच होता. लंडनच्या असोसिएशनला ही अडचण नियमांनीं सोडवावी लागली, कोल्हापुरानें ती वडिलकीनें सोडविली. नियमापेक्षां वडिलकी बरी कीं वाईट, याविषयीं मतभेद होतील. माझें मत असें कीं, भांडण मिटविण्यास वडिलकी चांगली, आणि खेळ वाढविण्यास अपुरी.

असोसिएशन करते काय, तें ऐकावयास रुक्ष असलें तरी सांगितलें पाहिजे. हंगामाच्या आरंभीं प्रत्येक संघानें आपल्या खेळाडूंची नोंदणी करावयाची. एका हंगामांत एका संघाकडे नोंदलेला खेळाडू मन मानेल तेव्हां दुसरीकडे जाऊं शकत नाहीं. नोंदणीचे ते दिवस म्हणजे शहरांत एक लहानसा बाजारच असतो. कोण कोणाकडे चालला याच्या वार्ता चहाच्या दुकानांतून वर्तमानपत्रांच्या आधीं फुटतात. मग वरिष्ठ गटाच्या सोळा संघांची लीग. ती आटोपली म्हणजे निरनिराळ्या चषकांचे बाद पद्धतीचे सामने. हे चषक बहुधा एखाद्या तालमीनें भरवावयाचे, आणि त्यांस नांव एखाद्या दिवंगत खेळाडूचें, देणगीदाराचें किंवा पुढाऱ्याचें. येथें दुसरी सत्ता डोकावते. मैदान, पंच आणि शिस्त असोसिएशनची; बक्षिसाची रक्कम आणि मांडव पुढाऱ्याचा. जुना दरबार गेला, पण दरबार भरविण्याची हौस गेली नाहीं, आणि नव्या काळांत ती ज्यांस परवडते त्यांनीं ती आपल्याकडे घेतली. चषकांच्या नांवांवरून शहरांत सध्यां कोणाची चलती आहे, हें सांगतां येतें. पुढील पिढीच्या इतिहासकारास तें एक साधन होईल.

हें वाचून कोणी नाक मुरडील, म्हणून शेजारच्या प्रांतांशीं तुलना करून पाहूं. मुंबईंत फुटबॉल पोसला तो कंपन्यांनीं आणि सरकारी खात्यांनीं. गोव्यांत तो मोठा झाला खाणींच्या आणि उद्योगांच्या मालकांच्या पैशावर. त्या संघांनीं देशांतील सर्वोच्च किताब मिळविले, जे कोल्हापुरास स्वप्नांतही मिळाले नाहींत. परंतु त्यांची अखेर पाहा. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा नांवाजलेला संघ मालकांनीं २०१० त बंद केला. एके काळीं ड्युरंडच्या तोडीचा मानला गेलेला रोव्हर्स चषक २००१ नंतर झालाच नाहीं. गोव्याचे धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तीनही संघ २०१६ त राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. पुणें फुटबॉल क्लब २००७ त निघाला आणि दहा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच मिटला. संचालक मंडळाच्या एका ठरावानें जो संघ जन्मतो तो दुसऱ्या ठरावानें मरतो. पाटाकडील तालीम कोण बंद करणार? ती कोणाची मालमत्ताच नाहीं. संघ हरला, पैसा संपला, चांगले खेळाडू दुसरीकडे गेले, तरी पेठ जागच्या जागीं आहे, आणि पेठ आहे तोंवर पुढल्या हंगामास अकरा पोरें उभीं राहणार. मुंबईच्या मैदानावर रिकाम्या बांकांपुढें राष्ट्रीय दर्जाचे सामने झाल्याचें मीं पाहिलें आहे. कोल्हापुरास दोन तालमींच्या लढतीला पायऱ्यांवर पाय ठेवावयास जागा नसते.

तथापि याच निष्ठेच्या पोटांत या खेळाचे रोग आहेत. पहिला रोग गर्दीचा. जो प्रेक्षक पेठेच्या अब्रूसाठीं आलेला असतो त्यास पंचाचा निर्णय हा निर्णय न वाटतां अपमान वाटतो. मग पायऱ्यांवरून बाटल्या आणि दगड येतात, खेळाडू एकमेकांस भिडतात, आणि मैदानांतील भांडण रात्रीं चौकांत पोंचतें. सामना अर्धवट थांबविणें, संघांस दंड करणें, खेळाडूंस निलंबित करणें, पोलिसांनीं आयोजकांस तंबी देणें, हें सर्व या मैदानानें अनेकदां पाहिलें आहे. वडिलकीच्या कारभाराचा कमकुवतपणा येथें उघडा पडतो. वडील माणसाचा स्वभाव क्षमेचा. दंड केला तरी पेठेंतील चार प्रतिष्ठित येऊन भेटले म्हणजे तो सौम्य करावासा वाटतो. शिक्षा किती झाली यापेक्षां ती कमी करून घेतां येते ही समजूत अधिक घातक आहे. ज्या गुन्ह्यास जी शिक्षा लिहिली असेल ती, संघ कोणताही असो, पाळली जाते असा दहा-वीस वर्षांचा पायंडा पडल्याशिवाय हा रोग हटणार नाहीं.

दुसरा रोग पैशाचा. इंग्लंडांत १८८३ सालीं ब्लॅकबर्न ऑलिंपिक या लँकेशायरच्या कामकरी वस्तींतील संघानें ओल्ड ईटोनियन्सचा, म्हणजे उमरावांच्या शाळेंतील जुन्या विद्यार्थ्यांचा, अंतिम सामन्यांत पराभव केला, तेव्हां लंडनच्या सभ्य गृहस्थांनीं ओरड केली कीं, हे लोक पैसे घेऊन खेळतात. दोन वर्षें खोट्या नोकऱ्या, लपविलेलीं पाकिटें, चौकश्या यांत गेलीं. अखेर १८८५ त असोसिएशननें धंदेवाईक खेळाडू कायदेशीर ठरविले आणि ओरड थांबली. कोल्हापूर बराच काळ १८८३ आणि १८८५ यांच्या दरम्यान अडकून पडलें. पेठेचा मुलगा पेठेसाठीं खेळतो ही भावना कायम, आणि त्याच वेळीं चांगल्या खेळाडूस नोंदणीपूर्वीं गुपचूप रक्कम देण्याची रीतही कायम. पुढें संघांनीं बाहेरगांवचे, इतकेंच नव्हे तर आफ्रिकेंतून हिंदुस्थानांत आलेले खेळाडू आणले. मंगळवार पेठेच्या गल्लींत नायजेरियाचा तरुण मिसळ खात बसलेला पाहून म्हाताऱ्यांस प्रथम गंमत वाटली. त्याच्या गोलानें लीग जिंकली तेव्हां प्रेमही जडलें. परंतु अकरांत बाहेरचे वाढले म्हणजे पेठेचीं पोरें राखीव बांकावर बसतात, आणि मग तालीम म्हणजे नुसती पाटी उरते. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर असोसिएशननें मर्यादा घातली ती याच भीतीनें. ही मर्यादा कोतेपणाची म्हणून कांहींजण हिणवितात. मला ती शहाणपणाची वाटते. फक्त तिच्या जोडीला उघड करारनामा आणि उघड मोबदला हवा, नाहींतर दार बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखें होतें.

तिसऱ्या गोष्टीस रोग म्हणावें कीं न म्हणावें, याचा निर्णय वाचकांवर सोंपवितों. कोल्हापूरचा खेळाडू कोल्हापुरांतच थांबतो. शाहू मैदानावर ज्याच्या नांवाचा जयघोष होतो, ज्याचें चित्र गल्लीच्या तोंडाशीं दोन मजले उंच लागतें, त्याला परक्या गांवीं अनोळखी संघांत उमेदवारी करावयास जाण्याची निकड वाटत नाहीं. जग त्याच्या दृष्टीनें मैदानाच्या कुंपणापाशीं संपतें. विश्वचषकाच्या दिवसांत मात्र तेंच जग गल्लींत येतें, अर्धी पेठ ब्राझीलची आणि अर्धी अर्जेंटिनाची होते, आणि डिसेंबर २०२२ त अर्जेंटिना जिंकल्याचे फटाके कोल्हापुरीं पहाटेपर्यंत वाजले. अपवाद अनिकेत जाधव याचा. रिक्षाचालकाचा हा मुलगा लहानपणींच पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनींत गेला, आणि २०१७ च्या ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील विश्वचषकांत हिंदुस्थानच्या संघांतून खेळला. पुढें तो देशांतील मोठ्या व्यावसायिक लीगमध्यें उतरला. त्याच्या यशानें शहर हर्षभरित झालें, तें योग्यच. पण तो घडला तो वयाच्या कोंवळेपणीं तालमींच्या या जगांतून बाहेर पडल्यामुळें, हें कटु असलें तरी नाकारतां येत नाहीं. सोळा संघांनीं मिळून बारा वर्षांखालील मुलांसाठीं चार चांगले शिक्षक नेमले असते, तर एका चषकाच्या बक्षिसाइतक्याच खर्चांत तें काम भागलें असतें.

देशाच्या कारभारांत कोल्हापूरचा हात आतां पूर्वीपेक्षां वर पोंचला आहे. ऑगस्ट २०२२ मध्यें जागतिक संघटना फिफा हिनें, न्यायालयानें नेमलेली समिति फेडरेशन चालविते म्हणजे बाहेरच्यांचा हस्तक्षेप होतो, या कारणावरून हिंदुस्थानच्या फेडरेशनला निलंबित केलें. त्याच महिन्याच्या अखेरीस निलंबन उठलें, आणि २ सप्टेंबर रोजीं निवडणूक झाली. त्या वेळच्या नव्या कार्यकारी मंडळांत छत्रपति घराण्यांतील मालोजीराजे यांचा समावेश झाला. फिफाचा सिद्धांत असा कीं, खेळाचा कारभार खेळाच्या संस्थांनींच करावा, सरकारनें किंवा न्यायालयानें त्यांत हात घालूं नये. कोल्हापुरास हा सिद्धांत शिकविण्याची जरुरी नव्हती. सरकार बदललें, संस्थान गेलें, तरी येथें कारभार असोसिएशनच्याच हातीं राहिला. मात्र त्या सिद्धांताची दुसरी बाजू, म्हणजे सभासद-संघांनीं कारभाऱ्यांकडून वेळोवेळीं हिशेब मागणें, ही येथें अजून संकोचाची गोष्ट मानली जाते. ज्यांस मुजरा करावयाचा त्यांसच जमाखर्च कसा विचारावा, हा तो संकोच.

आणखी एका बाबतींत जुन्या घडीस ताण पडत आहे. तालीम ही मुळांत पुरुषांची संस्था. लाल मातीच्या हौद्यापाशीं स्त्रियांस मज्जाव होता, आणि मातीचा हौदा जाऊन चेंडू आला तरी उंबरठा तोच राहिला. परंतु २०१७ च्या अखेरीस अखिल भारतीय स्त्रियांच्या लीगची पात्रता-फेरी कोल्हापुरास भरली, तेव्हां मणिपूर, तामिळनाड इत्यादि प्रांतांतून आलेल्या मुलींचे सामने याच शाहू मैदानावर झाले, आणि ज्या पायऱ्यांवरून पेठांच्या नांवानें आरोळ्या उठतात, त्याच पायऱ्यांवर शाळकरी मुली आपल्या शिक्षिकांबरोबर डबे घेऊन बसल्या. कोल्हापूरच्या मुली फुटबॉल खेळतात त्या शाळांतून आणि कॉलेजांतून; शिक्षण संपलें कीं त्यांचा खेळही बहुधा संपतो, कारण पुढें त्यांना घेणारी पेठ नाहीं. भावाचें नांव तालमीच्या वहींत जन्मल्याबरोबर लिहिल्यासारखेंच असतें. बहिणीसाठीं अजून वहीच काढावयाची आहे. ती तालमींनीं काढावी कीं असोसिएशननें, याची चर्चा या शहरांत व्हावयास पाहिजे, आणि ती पुढल्या हंगामाची नोंदणी सुरू होण्यापूर्वीं झालेली बरी.